नंबर मिळाला, नोंद झाली का?

दिवाळीला घरची मंडळी जमली, की फराळ आटोपताच गावच्या जमिनीचा विषय निघतो. मग कोणीतरी निर्धास्तपणे सांगतो, “वारसाची नोंद झाली. नंबरसुद्धा मिळालाय!” वाचकहो, येथेच थोडे थांबावे. नंबर मिळणे निराळे आणि नोंद होणे निराळे.

समजा, मावळात आंबीस एका कुटुंबाची शेती आहे. वडील निवर्तले, मुले पुण्या-मुंबईस नोकरीला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची. (तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) वर्दीची लेखी पोच मिळते, ती जपून ठेवावी. पुढे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, मजकूर चढतो आणि त्याला क्रमांक पडतो. आपली मंडळी येथेच पेढे वाटतात!

परंतु ही नोंद सशर्त असते. चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना कळविले जाते. हरकत आली, तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंदीचा अंमल सातबाऱ्यावर येतो. नामंजूर झालेली नोंदही वहीत आपला क्रमांक घेऊन तशीच बसलेली असते!

संगणकाचेही असेच. “अशी नोंद आधी नसेल तरच घाल,” अशी आज्ञा दिली, तर कित्येकदा यंत्र नंबर खर्ची घालते आणि नोंद मात्र नाकारते. म्हणून जाणता माणूस आधी विचारतो, “नोंद पडली का?” आणि मगच, “कोणत्या नंबराने?”

आपणही हाच क्रम धरावा. फेरफाराची नक्कल काढून त्यावरचा शेरा वाचावा : प्रमाणित की नामंजूर? नामंजूर असेल तर साठ दिवसांत अपील करता येते. नंबरावर विसंबून राहिले, तर ती मुदत हातची जाते. प्रमाणित असेल तर सातबारा उघडावा. आता तो घरबसल्याही पाहता येतो. तेथे प्रत्येक वारसाचे नाव आणि फेरफार क्रमांक ताडून पाहावा. विशेषतः बहिणींची नावे. भाऊबीजेला ओवाळणी घालण्यापूर्वी भावांनी एवढे अवश्य पाहावे.