गाणारा जुना हँडसेट

२००३ साली नोकियाचा ६६०० बाजारात आला. त्यात कॅमेरा होता, ब्लूटूथ होते, सोबत ३२ एमबीचे कार्ड मिळे. पण एमपी-थ्री गाणे काही त्यात वाजत नसे. त्याच वर्षी आलेला नोकियाचाच एन-गेज मात्र गाणी वाजवत होता. ६६०० ची उणीव पुढे भरून काढली ती कंपनीबाहेरच्या प्रोग्रॅमरांनी. अल्ट्राएमपी-थ्रीसारखे छोटे सॉफ्टवेअर फोनमध्ये टाकले की तोच हँडसेट गाऊ लागे.

यामागची करामत समजून घेण्यासारखी आहे. सीडीवर एका सेकंदाच्या आवाजासाठी दोन्ही बाजूंचे प्रत्येकी ४४,१०० नमुने साठवलेले असतात. मोठ्या आवाजाखाली जे कानाला ऐकूच येत नाही, ते गाळून एमपी-थ्री तंत्र फाइल साधारण अकरा पटींनी लहान करते. वाजवताना ती उलगडायची तर दशांशांचे भरपूर गणित करावे लागते, आणि ६६०० च्या १०४ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये अशा गणितासाठी वेगळी सोय नव्हती. म्हणून प्रोग्रॅमरांनी सगळा हिशेब पूर्णांकांत बसवला. ‘लिबमॅड’ या सॉफ्टवेअरने एमपी-थ्रीसाठी हे केले, ‘ट्रेमर’ने ऑग व्हॉर्बिस या तशाच फाइलप्रकारासाठी. दोन्हींचा कोड सर्वांना खुला होता. एकही सुटा भाग न बदलता, निव्वळ चांगल्या गणिताने जुने यंत्र नवे काम शिकले. मला ही आपल्या काळातली मोठी कारागिरी वाटते.

खानदेशात एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावी तिचे फळ मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात दिसले. काउंटरवर संगणक, त्याला कार्ड रीडर, आणि समोर गिऱ्हाईक: “भाऊ, कार्डमा गाना भरी दे.” १२८ केबीपीएसचे पाच मिनिटांचे गाणे पाच एमबीच्या घरात जाई, म्हणजे ३२ एमबीत जेमतेम सहा गाणी. तीच ६४ वर उतरवली तर बारा-तेरा मावत. आवाज थोडा पातळ व्हायचा, पण गाणे दुप्पट मिळायचे. हिंदी गाण्यांच्या जोडीला या कार्डांतून लग्नातली आणि कानबाईची अहिराणी गाणी फिरू लागली.

१९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हापासून कोणाचा आवाज तबकडीवर चढायचा हे कंपन्या ठरवत आल्या. कवयित्री बहिणाबाई चौधरींची गाणी कागदावर राहिली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आली. गळा मात्र त्यांच्याबरोबर गेला. कॅसेटने हे दार थोडे किलकिले केले, कार्डाने ते सताड उघडले. या व्यवहारात अनेक गायकांना दमडीही मिळाली नाही, हा अन्यायच होता. पण खानदेशातल्या माणसाच्या खिशात त्याची स्वतःची बोली गाऊ लागली, ही गोष्टही लहान नव्हे.

फोनमध्ये बाहेरचे सॉफ्टवेअर टाकण्याची ही मोकळीक फार टिकली नाही. २००४ मध्ये ‘कॅबिर’ नावाचा किडा ब्लूटूथवरून याच जातीच्या फोनांत शिरला. २००६ पासून आलेल्या सिंबियन ९ या नव्या प्रणालीच्या फोनांत सॉफ्टवेअरला डिजिटल सही सक्तीची झाली आणि आधीची सॉफ्टवेअर तिथे चालेनाशी झाली. २००८ मध्ये ॲपलने आयफोनवरचे ॲप आपल्याच दुकानातून घ्यायची रीत पाडली. सुरक्षिततेचे कारण खरे आहे, ते मी नाकारत नाही. पण कंपनी स्वतःच अपडेट देणे थांबवते, त्यानंतरही सॉफ्टवेअरचे कुलूप तसेच राहते. त्याने फोन सुरक्षित होत नाही, त्याचा मालक तेवढा बाहेर राहतो.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोबाइलही आहे. हा हक्क बॅटरी आणि स्क्रीनपुरता ठेवून चालणार नाही. ज्या दिवशी कंपनी एखाद्या मॉडेलची अपडेट बंद करील, त्याच दिवशी त्याच्या सॉफ्टवेअरची किल्ली ग्राहकाच्या हाती द्यावी, असा नियम सरकारने करावा.