योगाश्रमास जाण्यापूर्वीं

आमच्या धाकट्या सूनबाईंनीं दिवाळीनंतर आठ दिवस एखाद्या योगाश्रमांत जाऊन राहण्याचा बेत बोलून दाखविला, तेव्हां घरांत एकदम शांतता पसरली. "आणि स्वयंपाकघराचें काय?" हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींच्या मुद्रेवर स्पष्ट उमटला होता. सूनबाई नोकरी करून घर सांभाळतात. वर्षभर त्यांची कंबर दुखत आहे व झोंप उडाली आहे. तेव्हां जावें कीं न जावें, हा वाद आम्हीं होऊंच दिला नाहीं. कोठें जावें एवढेंच ठरवूं, असें आम्ही म्हणालों. या विषयांत आम्हांस थोडा अनुभव आहे. म्हणून तो वाचकांपुढेंही मांडतों.

अनुभव फजितीचा आहे. चार वर्षांपूर्वीं आम्ही हृषीकेशास एका आश्रमांत पंधरा दिवस राहिलों. गंगेचा कांठ, पहाटेची घंटा, सात्त्विक अन्न. मन प्रसन्न झालें. आम्हांस काचबिंदू आहे, रोज डोळ्यांत औषध घालावें लागतें, याची तेथें कोणीं चौकशी केली नाहीं. आणि सारा जन्म वर्गापुढें उभे राहिलेल्या आम्हांस तरुणांच्या रांगेंत "हें आम्हांस वर्ज्य आहे" असें म्हणण्याची लाज वाटली. तिसऱ्या दिवशीं आम्हीही शीर्षासनांत! त्या स्थितींत डोळ्यांतील दाब पुष्कळ वाढतो व काचबिंदूच्या रोग्यानें तें आसन करूं नये, हें परत आल्यावर डॉक्टरांनीं ज्या शब्दांत सुनावलें ते येथें छापण्याजोगे नाहींत. त्या तपासणींत उजव्या डोळ्याची कडेची दृष्टि कमी भरली. ती शीर्षासनानें गेली कीं आधींच जात होती, हें सांगतां येत नाहीं. परंतु गेलेली परत येत नाहीं.

तेव्हांपासून आम्ही आश्रमाची एकच परीक्षा करतों. प्रवेश देण्यापूर्वीं ते आपल्याला काय विचारतात? रक्तदाब, डोळे, मणका, झालेल्या शस्त्रक्रिया यांविषयीं चकार शब्द न काढतां जेथें केवळ पैसे भरून घेतात, तेथें नदी कितीही सुंदर असो, जाऊं नये. अशी चौकशी हें कांहीं पाश्चात्त्य खूळ नव्हे. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, तें योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनीं मोजून पाहण्याच्या हेतूनें. 'योगमीमांसा' हें त्यांचें नियतकालिकही त्याच वर्षींचें. त्यांचे गुरुबंधु श्रीयोगेंद्र यांनीं तर १९१८ सालींच मुंबईस योगसंस्था काढून संसारी माणसांस योग शिकविला. दोघेही परमहंस माधवदासजींचे शिष्य.

दुसरें, नांवावर जाऊं नये. इगतपुरीस जाणारे कित्येकजण 'योगाला जातों' म्हणून निघतात. तेथें विपश्यना आहे. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणें आणि तासन् तास बैठक. साधना थोर, परंतु दुखऱ्या कमरेस आसनें शिकण्याची ती जागा नव्हे. पुण्याची अय्यंगार संस्था १९७५ पासूनची. दोऱ्या, लाकडी ठोकळे, उशा यांच्या आधारानें शरीर बसविण्याची तेथील रीत कमरेच्या रोग्यांस फार मानवते. परंतु ती शिकण्याची शाळा आहे, विश्रांतीचें स्थान नव्हे. तसाच दोनशे तासांचा शिक्षकवर्ग. ज्यास शिकवावयाचें आहे त्यानें तो करावा. झोंप हवी असलेल्यानें नव्हे. शिवाय ऋतु पाहावा. लोणावळ्याचा आषाढ दमेकऱ्यास सोसणारा नाहीं.

राहिल्या त्या पोहण्याचा तलाव व पंचवीस पदार्थ दाखविणाऱ्या जागा. हठप्रदीपिकेंत योग्याची कुटी सांगितली आहे ती लहान, शेणानें सारविलेली, दार अगदीं आंखूड. तेवढी आम्ही मागत नाहीं. पण त्याच ग्रंथांत योगनाशक सहा गोष्टींत अत्याहार पहिला आहे, आणि नियमांचा हट्टही आहे, हें दोन्ही पक्षांनीं वाचावें.

सूनबाईंनीं तीन ठिकाणीं दूरध्वनि केला. दोघांनीं दर सांगितले. तिसऱ्यांनीं कमरेचें क्ष-किरण चित्र मागितलें. "मामंजी, यांचे प्रश्न तर संपेचनात!" असें त्या हंसून म्हणाल्या. पैसे त्याच दिवशीं भरले. स्वयंपाकघराचा प्रश्न सौभाग्यवतींनीं परस्पर सोडविला आहे: सकाळचें त्या पाहतील, संध्याकाळचें चिरंजीवांनीं व आम्हीं. आम्हांस वरणभाताखेरीज कांहीं येत नाहीं.