पाहिलंत ना? मग बोला!



या सदरात आपण लोणच्याच्या बरणीपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सगळं बोलतो. आज विमानाच्या अपघाताविषयी लिहिते आहे, म्हणून नवल वाटून घेऊ नका. शेवटी येणार आहे मी आपल्या घरातच.

१ जानेवारी १९७८. नव्या वर्षाचा पहिलाच दिवस. रात्री पावणेनऊच्या सुमारास एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून दुबईला निघाले. एअर इंडियाचे हे पहिले जंबो, १९७१ साली आलेले. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी. उड्डाणाला दोन मिनिटेही झाली नाहीत, तोच ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. निरोप द्यायला गेलेली माणसं तोवर घरीसुद्धा पोचली नसतील!

सुरुवातीला घातपाताचा संशय आला. पण समुद्रातून काढलेल्या अवशेषांत स्फोटाची खूण सापडली नाही. मग तपासाची सारी मदार ब्लॅक बॉक्सवर आली. नाव काळं, पण हा असतो नारिंगी, चटकन दिसावा म्हणून. त्यात विमानाच्या हालचालींची नोंद असते आणि चालकांचं बोलणंही टिपलेलं असतं.

त्यावरून जे कळलं ते असं. समुद्रावर आल्यावर विमान थोडं उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. पण विमान किती कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं. विमान सरळ झालं तरी ते उजवीकडेच कललेलं दाखवत राहिलं. कॅप्टनने ते खरं मानलं आणि विमान सरळ करायचं म्हणून डावीकडे वळवलं. सरळ विमान डावीकडे कलत गेलं, कलत गेलं, आणि एका कुशीवर होऊन खाली आलं.

तुम्ही म्हणाल, एवढं विमान कललं आणि आतल्या माणसाला कळू नये? मलाही तेच वाटलं होतं. पण मंगळागौरीची फुगडी आठवा. गरगर फिरून थांबलो की पाय जागच्या जागी असतात आणि घर मात्र फिरतच असतं! आपला तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आत आहे, ते असं फसतं. फुगडी थांबल्यावर आपण समोरच्या भिंतीकडे बघून सावरतो. त्या रात्री समोर भिंत नव्हती. शहराचे दिवे मागे राहिले होते, पुढे काळा समुद्र आणि काळं आकाश. कुठं पाणी संपतं आणि कुठं आभाळ सुरू होतं, काही कळायला मार्ग नाही. अशा वेळी अंगाला काय वाटतं त्यावर जायचं नाही, उपकरणांवरच जायचं, हेच वैमानिकाला शिकवलेलं असतं. आणि नेमकं समोरचं उपकरणच खोटं बोलत होतं.

पण बाकीची उपकरणं होती ना! कॅप्टनला आपलं उपकरण बिघडल्याचं जाणवलं, तसं तो बोललाही. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरच्या तर नेमकं लक्षात आलं. त्यावर जाऊ नका, त्यावर जाऊ नका, अशा अर्थाचे त्याचे शब्द नोंदलेले आहेत. पण तोवर पाणी काही सेकंदांवर आलं होतं. समोरचं उपकरण बिघडल्यामुळे कॅप्टनला विमानाच्या स्थितीचं भान राहिलं नाही आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरता आलं नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पुढे प्रवाशांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत खटला भरला. तिथल्या न्यायालयाने १९८५ साली विमान आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना जबाबदार धरलं नाही.

कॅप्टनला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. हजारो तास विमान चालवलेला माणूस होता तो. त्या जागी कोणाचंही असंच झालं असतं की काय, असं मला राहून राहून वाटतं, कारण माझ्याच घरी एकदा तसं झालं होतं.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना कणकणला. मी थर्मामीटर लावला, नव्व्याण्णव. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, “अगं, पोर चांगलं तापलंय!” मी जरा तोऱ्यातच थर्मामीटर त्यांच्यापुढे धरला. त्या गप्प झाल्या. “तुला जास्त कळतं बाई,” म्हणून आत गेल्या. रात्री अकरा वाजता मुलाला आकडी आली. डॉक्टरांनी आपला थर्मामीटर लावला, तर एकशे चार! माझ्या थर्मामीटरचा पारा मधेच तुटला होता. देवाच्या कृपेने मुलगा बरा झाला. पण सासूबाईंचे ते शब्द आजही आठवतात. त्यांना दिसलं होतं, त्या बोलल्याही होत्या. ऐकलं नाही ते मी.

विमानवाल्यांनी अशा अपघातांतून धडा घेतला. १९७७ साली टेनेरिफ बेटावर दोन जंबो धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली. तिथंही फ्लाइट इंजिनिअरने शंका विचारली होती आणि ती बाजूला पडली. मग १९७९ साली अमेरिकेच्या नासाने यावर बैठक भरवली आणि नवं शिक्षण सुरू झालं. धाकट्याने न घाबरता सांगायचं आणि थोरल्याने ऐकायचं, हे आता वैमानिकांना मुद्दाम शिकवतात.

आपल्याला कोण शिकवणार? आपणच शिकू या.

पहिलं म्हणजे, एकाच खुणेवर विसंबू नका. ताप असो, गॅसचा वास असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, दुसऱ्या एखाद्या गोष्टीशी ताडून पाहा.

दुसरं, बोलायचं तर वेळेवर आणि नेमकं बोला. रात्री घाटात गाडी चालवताना ‘ह्यां’चे डोळे मिटायला लागले, तर “दमलात का हो?” असं आडून विचारू नका. “झोप येतेय तुम्हाला, गाडी बाजूला घ्या,” असं सरळ सांगा. राग येईल तर येऊ दे. सकाळी चहाबरोबर निघून जाईल.

आणि तिसरं आपल्यासाठी. सून, धाकटी जाऊ, कामाच्या बाई, दहा वर्षांची लेक, कोणीही “काहीतरी चुकतंय” म्हणालं, तर “तुला काय कळतंय?” म्हणायच्या आधी हातातलं काम ठेवा आणि एकदा बघून या. काही नसलं तर दोन मिनिटं गेली, एवढंच. त्या विमानात तेवढीही मिळाली नव्हती.