पाहुणा कलावंत आला, वर्गशिक्षक कोठे?

वारली चित्रकार शाळेत येतो, तासाभरात भिंतीवर तारपा नृत्याचे वर्तुळ उमटते, मुले टाळ्या वाजवितात, छायाचित्र निघते आणि कार्यक्रम संपतो. या तासात वर्गशिक्षक काय करीत असतो? मुलांना गप्प बसविणे, नाहीतर शेजारच्या खोलीत माहितीचे तक्ते भरणे. प्राथमिक शाळेतील कलाशिक्षणाची खरी अडचण येथे आहे.

प्रत्येक शाळेत वा शाळासंकुलात निवासी कलावंत असावा, असे उद्दिष्ट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठेवले. कायदा मात्र तेवढा उदार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलेच्या अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पटसंख्या शंभरावर असेल तरच. पहिली ते पाचवीला ती नाही. म्हणजे पाहुणा निघून गेल्यावर चिमुकल्यांच्या हाती ब्रश द्यायचा तो वर्गशिक्षकानेच.

इंग्लंडमध्ये २००२ साली 'क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स' ही सरकारी योजना सुरू झाली. कलावंताने केवळ प्रात्यक्षिक न दाखविता शिक्षकासह उपक्रम आखावा, हे तिचे सूत्र होते. २०१० मध्ये निधीला कात्री लागली आणि पुढच्याच वर्षी योजना गुंडाळली गेली. अशा वेळी शाळेत उरते ते शिक्षकाने आत्मसात केले असेल तेवढेच.

टोकाशी टोक जुळविलेले दोन त्रिकोण म्हणजे वारलीतील माणसाचे धड. तिसरीच्या वर्गात तोच भूमितीचा पाठ होऊ शकतो. गेरूच्या पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाची रेघ किती पातळ हवी, हे चित्रकार जाणतो. कोणत्या मुलाला त्रिकोण आणि चौकोन अजून वेगळे ओळखता येत नाहीत, हे शिक्षकालाच ठाऊक असते. ही दोन ज्ञाने एकत्र यायची, तर मुलांसमोर उभे राहण्यापूर्वी दोघांनी एकदा बसायला हवे.

त्यासाठी वेळ नाही, ही सबब अर्धीच खरी. शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत पाठाची तयारी कायद्यानेच धरली आहे. ती तक्त्यांत खर्ची पडते, हा प्रशासनाचा दोष. कलावंताचे मानधन ठरवितानाही या बैठकीचा दिवस हिशेबात घ्यावा लागेल. रोजंदारी बुडवून येणाऱ्या कारागिराकडे तो फुकट मागता येणार नाही.