पारा निफाडचा, थंडी फडातली

निफाडचा पारा घसरला की महाराष्ट्राला हिवाळ्याची खात्री पटते. हिमालयात बर्फ पडतो, इकडे आभाळ निरभ्र होतं, उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि दिवसभर तापलेली जमीन रात्रीत सगळी ऊब सोडून देते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळी गावोगाव पोचतो. मग जुने विक्रम निघतात: पुण्याचे १७ जानेवारी १९३५ चे १.७ अंश, मुंबईचे २२ जानेवारी १९६२ चे ७.४, नागपूरचे २९ डिसेंबर २०१८ चे ३.५. जोडीला वेण्णा तलावाकाठच्या हिमकणांचा फोटो.

ज्या शिवारातला हा आकडा, तिथल्या द्राक्षबागायतदाराची तोवर अख्खी रात्र जागून झालेली असते. गव्हा-हरभऱ्याला ही थंडी मानवते. पण मण्यांत पाणी उतरायच्या वेळी पारा एकदम पडला, तर मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर धरायचा, ठिबक सोडायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं.

बागायतदाराविषयी निदान चार ओळी छापून येतात. त्याच गोदाकाठी, बागेच्या पलीकडे उसात उतरलेल्या तोडणी मजुरांच्या टोळीविषयी तेवढ्याही येत नाहीत, आणि हे खटकायलाच हवं.

गाळपाचा हंगाम आणि थंडीचा हंगाम एकच. बीडकडून मुकादमाची उचल घेऊन निघालेली जोडपी ऐन डिसेंबर-जानेवारी पाचटाच्या, प्लॅस्टिकच्या कोप्यांत काढतात. खाली उघडी जमीन, दाराला जुनी साडी. बाई सगळ्यांच्या आधी उठते, चूल पेटवते, भाकरी थापते आणि उजाडायच्या आत नवऱ्याबरोबर फडात उभी राहते. पहाटेचा ऊस दवाने निथळत असतो. पाचटाच्या धारदार कडांनी बोटं कापतात, गारठ्यात त्या चिरा मिटत नाहीत. मोळी डोक्यावर घेतली की पानांत साठलेलं पाणी मानेवरून पाठीत उतरतं, आणि तशा ओल्या अंगानेच फळीवरून ट्रकवर चढायचं. लहानगं फडाच्या कडेला झोळीत, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची शाळा गावी चालू असते.

नवरा-बायको मिळून एक कोयता, असा इथला हिशेब. मजुरी टनावर. त्यामुळे अंगात कणकण आहे म्हणून कोपीत पडून राहिलं, तर तेवढा खाडा पडतो.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे. कोणत्या टोळीत किती कोयते आले, हे कारखान्याच्या शेती खात्याला ठाऊक असतं. पहिली मोळी पडायच्या आधी माणशी एक घोंगडी, कोपीवर जाड ताडपत्री आणि फडाजवळ लेकरांसाठी चार भिंतींची एखादी बंदिस्त खोली, एवढी सोय महामंडळाने आणि कारखान्याने मिळून या हंगामापासूनच करावी.