आधी कव्हर, मग विमा!

मोबाईल घेताना दुकानदार हमखास विचारतो, "विमा करायचा का?" मी केला. घरच्यांनी हप्त्यावर घेऊन दिलेला फोन, जपायला नको का! कव्हर मात्र घेतलं नाही. उगाच जाड दिसतं ना!

दुसऱ्या सेमिस्टरला फोन चोरीला गेला. मी अंघोळीला, फोन चार्जिंगला, आणि खोलीचं दार नुसतं लोटलेलं. दावा नामंजूर! दार किंवा कुलूप फोडल्याची खूण नसेल तर भरपाई नाही, ही अट बारीक अक्षरांत होती. न वाचता सही केली मीच, मग बोलणार कुणाला?

आता माझं मत सांगतो. हॉस्टेलात फोन रोज कुणाचा ना कुणाचा पडतोच. पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आठवा. आघाताचा वेळ वाढला की बल कमी होतं. रबरी कव्हर नेमकं तेच करतं. वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण, म्हणून ओरखडे स्वस्तातल्या टेम्पर्ड ग्लासवर जाऊ द्यात.

पण कव्हर चोराला अडवत नाही. तिथे विमा हवा, तोही अटी वाचून. चोरी कशाला म्हटलंय? दर दाव्याला आपल्या खिशातून किती? फोन जुना झाला की किती कापणार? शिवाय *#०६# दाबून आयएमईआय नंबर वहीत लिहून ठेवा. पोलिसांत तक्रार करून 'संचार साथी'वर चोरीचा फोन ब्लॉक करता येतो. २०२३ पासून ही सोय देशभर आहे.

आणि मित्रांनो, अंघोळीला जाताना कुलूप लावा. ते ना कव्हरमध्ये येतं, ना विम्यात!