उड्डाणयोग्यतेचा दाखला

नागपूरजवळच्या कामठीची छावणी १८२१ साली कन्हान नदीच्या काठी वसली, आणि त्या दिवसापासून आजच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या केंद्रापर्यंत या गावाने कितीही स्थित्यंतरे पाहिली असली तरी छावणीचा एक शिरस्ता अजून टिकून आहे : कोठीतून हत्यार बाहेर काढताना ते तपासावयाचे, परत ठेवताना पुन्हा तपासावयाचे, आणि त्यात काही उणे आढळले तर ते तिथल्या तिथे वहीत उतरवावयाचे. ज्या शिपायाने उणे दाखवले त्याला बोल लागत नाही. ज्याने ते झाकले त्याची गय होत नाही. छावणीच्या सावलीत वाढलेल्या आम्हां कामठीकरांना हा धडा कोणी मुद्दाम शिकवावा लागला नाही. विमानप्रवासाच्या सुरक्षिततेविषयी जो वाद देशभर उसळला आहे त्यातील दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकताना मला याच वहीची आठवण पुनःपुन्हा होते, कारण दोन्ही पक्ष तिच्याकडे पाठ करून भांडत आहेत असे माझे मत आहे.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर अर्ध्या-एक मिनिटात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ अशी २६० माणसे प्राणास मुकली. त्यानंतरच्या आठवड्यांत अर्ध्या वाटेवरून परतलेले विमान, धावपट्टीवरच थांबवलेले उड्डाण, इंजिनातील आवाज, दाबयंत्रणेतील दोष, अशी वार्ता आली नाही असा दिवस क्वचितच गेला. ज्यांची मुले-मुली पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीस आहेत अशी घरे आमच्या गावात आता थोडी नाहीत. त्या घरांतून काळजीचे फोन गेले, काढलेली तिकिटे रद्द झाली, आणि दिवाळीला येताना एक रात्र जास्त लागली तरी चालेल पण गाडीनेच या, असे आईबापांनी बजावले. या भीतीची दखल घेणे प्राप्त आहे. ती हसण्यावारी नेणारे आणि ती भडकावणारे असे दोन वर्ग मात्र निर्माण झाले असून, दोघांचाही समाचार घेतल्याखेरीज मूळ मुद्द्यापर्यंत पोहोचता येणार नाही.

पहिला वर्ग जाणत्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, विमान हे मनुष्याने निर्माण केलेल्या वाहनांत सर्वांत निर्धोक वाहन आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ साली जगात सुमारे ८ लाख ८० हजार उड्डाणांमागे एक अपघात झाला, आणि त्या अपघातांतही जीवितहानी झालेले अवघे सात होते. उलट आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, तरी नागपूर-जबलपूर रस्त्यावरून मोटार हाकणारा कामठीकर स्टिअरिंगला हात लावताना कचरत नाही. सबब ही भीती अज्ञानमूलक असून वृत्तपत्रांनी ती पोसली आहे. यातील आकडे खरे आहेत, आणि रस्त्यांविषयीची त्यांची खंत तर माझीही आहे. परंतु या खऱ्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सरासरी ही झालेल्या गोष्टीची बेरीज असते. उद्या सकाळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सुटणाऱ्या अमुक एका विमानाच्या अमुक एका नळीला तडा गेला आहे की नाही, हे ती सांगत नाही. ते सांगतो तो, रात्री दोन वाजता हातात विजेरी घेऊन त्या विमानाखाली वाकलेला अभियंता. आणि ही सरासरी इतकी उत्तम झाली ती तिच्यावर विसंबून राहिलेल्या माणसांमुळे नव्हे, तर प्रत्येक अपघातानंतर विसंबण्यास साफ नकार देणाऱ्या माणसांमुळे.

याचा दाखला लांबून आणावयास नको. १९४९ साली भारत सरकारने रात्रीच्या हवाई टपालाची जी योजना सुरू केली तिचे केंद्र नागपूर होते : मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी डाकोटा विमाने अंधारातून सोनेगावला येत, मध्यरात्री टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि उजाडण्याच्या आत चारही विमाने आपापल्या गावी परतलेली असत. देशाच्या चारी कोपऱ्यांतील पत्रे एका रात्रीत परस्परांना पोहोचवणारी ही व्यवस्था नागपूरच्या अभिमानाचा विषय होती, आणि असावयासच हवी होती. परंतु १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री, म्हणजे विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन पुरते पाच महिनेही झाले नव्हते तेव्हा, सोनेगावहून मद्रासकडे निघालेले डाकोटा उड्डाण करताच कोसळून पेटले. आतील चौदांपैकी तेरा माणसे गेली, त्यांत कामगार चळवळीचे पुढारी आणि संसद सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते. एक वैमानिक तेवढा वाचला. त्याही दिवशी कोणी म्हणू शकले असते की, शेकडो रात्री टपाल बिनधोक गेले, एका रात्रीचे काय घेऊन बसलात! तसे म्हणणाऱ्यांच्या हाती कारभार राहिला असता तर विमानविद्या डाकोटाच्या पुढे सरकली नसती.

त्याच सुमारास इंग्लंडचे कॉमेट हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान हवेतच फुटू लागले, तेव्हा १९५४ साली सारी कॉमेट विमाने जमिनीवर उतरवण्यात आली, एका विमानाचे धड फार्नबरो येथे पाण्याच्या हौदात बुडवून त्यात पुनःपुन्हा दाब भरण्यात आला, आणि धातूचा थकवा काय करू शकतो हे जगाला कळले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईहून मद्रासला निघालेल्या कॅराव्हेल विमानाच्या इंजिनातील एक चकती अशाच थकव्याने फुटली, इंधनाच्या नळ्या तुटल्या, आग लागली, आणि सांताक्रूझला परतून उतरण्याच्या धडपडीत ९५ माणसांचा अंत झाला. आज इंजिनाच्या प्रत्येक फिरत्या चकतीचे आयुष्य फेऱ्यांत मोजले जाते आणि मुदत भरताच ती धडधाकट दिसली तरी काढून टाकली जाते. ही काटेकोर मोजणी कसल्या मृत्यूंतून शिकली गेली, याचा विसर जाणत्यांना पडावा याचे मला दुःख होते.

आता दुसरा वर्ग. त्याचे म्हणणे असे की, सारी विमाने खिळखिळी झाली आहेत, रोज एक परत येते हाच त्याचा पुरावा, आणि ज्या कंपनीच्या बिघाडांची संख्या मोठी तिला टाळे लावावे. ही भाषा लोकांना आवडते, पण ती पहिलीहून अधिक घातक आहे. वैमानिकाला एक दिवा लागलेला दिसला, त्याने पुढे जाण्याचा मोह आवरला आणि दीडशे-दोनशे माणसे होती तिथे सुखरूप परत आणली, तर तिथे व्यवस्था चालली, मोडली नाही. २ सप्टेंबर २०२५ रोजी नागपूरहून कोलकात्याला निघालेले इंडिगोचे विमान पक्ष्याची धडक बसल्यामुळे सोनेगावला परतले. विमानाच्या नाकाडाला पडलेल्या खोमेची छायाचित्रे घरोघर फिरली, आणि घारीच्या किंवा बगळ्याच्या उड्डाणाशी कंपनीच्या दुरुस्तीखात्याचा काय संबंध हे न विचारता ही घटनाही लोकांनी बिघाडांच्या यादीत घातली. आकडेही या वर्गाच्या मदतीला येत नाहीत. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या तपशिलाप्रमाणे विमान कंपन्यांनी कळवलेले तांत्रिक बिघाड २०२३ साली ४४८, २०२४ साली ४२१ आणि २०२५ साली २१ जुलैपर्यंत १८३ होते. अर्थात कळवलेले बिघाड वाढले नव्हते, वाढल्या होत्या त्या बातम्या.

परंतु हा आकडा कमी झाला म्हणून समाधान मानणाराही फसतो, आणि इथेच दोन्ही वर्गांची चूक एक होते. बिघाडाची नोंद कमी झाली याचे अर्थ दोन संभवतात : यंत्रे सुधारली, किंवा माणसे लिहिण्यास भिऊ लागली. ज्या दिवशी आपण नोंदींच्या संख्येवर कंपन्यांना शिक्षा करू लागू त्या दिवसापासून दुसराच अर्थ खरा होईल. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि अभियंते आपल्या चुका व बिघाड गोपनीयतेच्या हमीवर कळवतात, आणि ती यंत्रणा मुद्दामच नियामकाच्या हाती न देता नासा या अंतराळ संस्थेकडे सोपवलेली आहे. कारण ज्याच्या हातात छडी आहे त्याच्यापुढे कोणी मन मोकळे करीत नाही, हे तिथल्या लोकांनी ओळखले होते.

मग भ्यावयाचे कशाला? माझे उत्तर असे की, वहीत जे लिहिले गेले त्याला भिऊ नये. जे लिहिले गेले नाही त्याला भ्यावे. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या अगदी नव्या बोइंग विमानाचे दारासारखे एक झाकण हवेतच निखळून पडले. प्रवासी बचावले. चौकशीत दिसून आले की कारखान्यात लगतच्या रिव्हेटांच्या दुरुस्तीसाठी ते झाकण उघडले गेले होते, आणि परत बसवताना त्याचे चार बोल्ट लावलेच गेले नव्हते. ते का राहिले? कारण झाकण उघडल्याची नोंदच कुठे नव्हती; नोंद नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून सही नाही. चार बोल्टांच्या आधी चार ओळी गहाळ झाल्या होत्या.

आपल्याकडेही शोधावयाचे ते याच जागी. २०२२ च्या पावसाळ्यात स्पाइसजेट या कंपनीच्या विमानांत अठरा दिवसांत आठ प्रसंग घडले, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बजावलेल्या कारणे दाखवा नोटिशीत एक वाक्य सर्वांत मोलाचे होते : पुरवठादारांची देणी वेळेवर चुकवली जात नाहीत, त्यामुळे सुट्या भागांची टंचाई पडते आणि काही उपकरणे नादुरुस्त असताना उड्डाण करण्याच्या नियमबद्ध सवलतीचा वारंवार आश्रय घेतला जातो. म्हणजे दोष इंजिनात दिसला तरी त्याचे मूळ खजिन्यात होते. अहमदाबादच्या दुर्घटनेच्या प्राथमिक अहवालात इंधन तोडणाऱ्या खटक्यांविषयीच्या एका अमेरिकी सूचनेचा उल्लेख आहे. २०१८ ची ती सूचना केवळ सल्लावजा होती, बंधनकारक नव्हती, म्हणून तिच्याप्रमाणे तपासणी झाली नाही. त्या खटक्यांत दोष होता असे म्हणण्यास या उल्लेखाने आधार मिळत नाही, आणि त्या वैमानिकांवर घरबसल्या निकाल देणाऱ्यांनी जो अन्याय आरंभला त्यात मला सामील व्हावयाचे नाही. माझा प्रश्न निराळा आहे : सल्ला देणाऱ्याने दिला, घेणाऱ्याने घेतला नाही, आणि मधल्या सहा वर्षांत ‘का घेतला नाही’ असे विचारणारा कोणी खुर्चीवर होता काय?

या प्रश्नाचे उत्तर संसदेच्याच स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेले आहे. महासंचालनालयाची मंजूर पदे १०६३. त्यांपैकी भरलेली ५५३. जवळजवळ निम्म्या खुर्च्या रिकाम्या. समितीने या खात्याला प्रशासकीय व आर्थिक स्वायत्तता द्यावी अशी शिफारस केली. शिवाय अपघातांची चौकशी करणारे कार्यालयही त्याच मंत्रालयाखाली आहे, ज्याच्याखाली परवाने देणारे खाते आहे. परत आलेल्या एका विमानाची बातमी आपण चार दिवस चघळतो. ५१० रिकाम्या खुर्च्यांची बातमी एका दिवसात शिळी झाली. हीच वस्तुतः सर्वांत भयंकर बातमी होती.

हे सारे दिल्लीचे प्रश्न आहेत, कामठीकराने त्यांत काय करावे, असे कोणी म्हणेल. पण सोनेगावच्या धावपट्टीला लागून असलेल्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले आणि २०१५ साली एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे आलेले दुरुस्तीकेंद्र आहे. मोठ्या तपासणीसाठी विमान आले की खुर्च्या निघतात, तळपट्टे निघतात, बाहेरच्या प्रवाशाला कधी न दिसणारी विमानाची हाडे उघडी होतात, आणि प्रत्येक कामाच्या कागदावर ज्याने काम केले आणि ज्याने ते पडताळले त्याची सही पडते. शेवटी परवानाधारक अभियंता सही करील तेव्हाच विमान सेवेत रुजू होते. नागपूर-कामठीकडच्या मुलांना या विद्येत शिरकाव मिळावा हे आपण इच्छितो. तर मग त्या मुलाने ‘हे विमान आज सोडणार नाही’ असे म्हणून सही नाकारली तर त्याची नोकरी सुरक्षित राहील, याची तजवीज करा अशी मागणी आपल्याच खासदाराकडे करणे हे आपले काम नव्हे काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीचे विमान उड्डाणयोग्यतेच्या पुनर्तपासणीच्या दाखल्याची मुदत संपली असता आठ फेऱ्या करून आले. तो दाखला म्हणजे एक कागद, असे म्हणून जो खांदे उडवतो त्याला कोठीची वही कधी समजलेली नाही.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. अधिक निरीक्षक, अधिक अभियंते, वैमानिकांना अधिक विश्रांती, याने तिकीट महागेल आणि उड्डाणे घटतील. हे खरे आहे. ते मी नाकारीत नाही. परंतु त्याची परीक्षा डिसेंबर २०२५ मध्ये झाली, आणि तीत सरकार व कंपनी यांच्याबरोबर आपणही बसलो होतो. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीची उतरणी सहावरून दोनवर आणणारे नियम १ नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण अमलात आले. त्यांची पूर्वकल्पना असूनही इंडिगोची तयारी अपुरी पडली. हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि ५ डिसेंबरला रात्रपाळीच्या नियमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सवलत देण्यात आली. त्या आठवड्यात देशभरच्या विमानतळांवर माणसे सामानावर डोके टेकून बसली होती, कोणाचे लग्न चुकले, कोणाची परीक्षा चुकली, कोणाला आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन घडले नाही. त्यांचा संताप न्याय्य होता. पण त्या संतापात मागणी एकच होती : विमान सोडा. सवलतीचा हुकूम निघाला तेव्हा, ज्याच्या विश्रांतीचे तास आपल्या घाईसाठी गहाण पडले तो वैमानिक त्या रात्री कितव्यांदा उतरणार आहे, असे त्या गर्दीतून फारसे कोणी विचारले नाही.